लिनक्ससाठी डिस्क निवडताना: एएमडी६४ की आयए६४, आणि डीव्हीडी किती लागतात?

प्रश्न – पहिली_पायरी

नमस्कार. वापरात नसलेल्या एका लॅपटॉपवर लिनक्स बसवायचे ठरवले आहे आणि त्यासाठी डेबियन या वितरणाची (लिनक्सच्या एका तयार संचाची) निवड केली आहे. परंतु डाउनलोडच्या पानावर पोहोचताच अडलो. तिथे एएमडी६४, एआरएम६४, एआरएमएचएफ, पीपीसी६४ईएल, एस३९०एक्स अशी नावे ओळीने दिलेली आहेत, आणि जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात आय३८६ व आयए६४ हीदेखील दिसतात. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर आहे. त्यामुळे एएमडी नाव असलेली फाईल आपल्या उपयोगाची नसावी असे वाटते, आणि 'आयए' हे 'इंटेल आर्किटेक्चर'चे लघुरूप असल्याचे वाचल्यामुळे आयए६४ हीच फाईल घ्यावी, अशा निष्कर्षापर्यंत आलो आहे. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

लॅपटॉपवर सध्या ३२ बिटची विंडोज १० आहे आणि मेमरी २ जीबी आहे. विंडोज ३२ बिटची आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटचाच आहे, असे धरून चालावे का?

शिवाय एकाच आर्किटेक्चरखाली नेटइन्स्ट, डीव्हीडी-१, डीव्हीडी-२, लाइव्ह अशा अनेक फाईली आहेत. या सर्व डिस्क उतरवून घ्याव्या लागतात का? आणि चुकीची डिस्क लावून संगणक सुरू केला, तर त्याला काही अपाय होतो का? कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ – कर्नल_वाचक

आयए६४ घेऊ नका. आपला तर्क सरळ असला तरी ही नावे कंपन्यांची नाहीत, सूचनासंचांची आहेत. प्रोसेसरला ज्या मूलभूत आज्ञा समजतात त्यांचा संच म्हणजे त्याचे आर्किटेक्चर. लिनक्सचा मूळ कोड सर्वत्र जवळपास सारखाच असतो, पण तो ज्या प्रोसेसरवर चालायचा त्याच्या सूचनासंचात आधी रूपांतरित करावा लागतो, आणि असे तयार झालेले प्रोग्राम दुसऱ्या सूचनासंचाच्या प्रोसेसरला वाचताच येत नाहीत. म्हणून प्रत्येक आर्किटेक्चरची डिस्क वेगळी.

आता एएमडी६४ या नावामागची हकीकत सांगतो, कारण ती कळली की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. इंटेलने १९८५ मध्ये ८०३८६ हा ३२ बिटचा प्रोसेसर बाजारात आणला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते याच जातीच्या प्रोसेसरवर, आणि आय३८६ हे नाव तिथून आजतागायत टिकून आहे. पुढे ६४ बिटकडे वळताना इंटेलने ह्युलेट-पॅकार्डच्या सोबतीने इटॅनियम नावाचा पूर्णपणे नवा सूचनासंच आणला. आयए६४ म्हणजे तो. तो मोठ्या सर्व्हरांपुरता राहिला, जुन्या प्रोग्रामांशी त्याचे नीट जमले नाही आणि घरगुती संगणकात तो कधी आलाच नाही. दुसरीकडे एएमडीने जुन्याच सूचनासंचाला ६४ बिटची जोड दिली आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन व ॲथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. जुने ३२ बिटचे प्रोग्राम त्यांवर तसेच चालत असल्याने बाजाराने हा मार्ग उचलून धरला आणि पुढच्याच वर्षी इंटेलनेही तोच सूचनासंच आपल्या प्रोसेसरांत घेतला. आज इंटेल त्याला 'इंटेल ६४' म्हणते, मायक्रोसॉफ्ट 'एक्स६४' म्हणते, फेडोरासारखी वितरणे 'एक्स८६_६४' लिहितात, आणि डेबियन व उबुंटू मात्र ज्याने तो प्रथम घडवला त्याचे नाव ठेवून 'एएमडी६४' म्हणतात. वस्तू एकच आहे. त्यामुळे इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी एएमडी६४ हीच योग्य डिस्क आहे, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतो, कारण केवळ नाव पाहून ती बाजूला ठेवणारे अनेक नवे वापरकर्ते उगाच जुन्या ३२ बिट आवृत्तीकडे वळतात. आयए६४ ची डिस्क डेबियनने २०१५ च्या आवृत्तीपासूनच बंद केली आहे आणि लिनक्स कर्नलच्या (प्रोसेसर व मेमरी थेट हाताळणाऱ्या मूळ प्रोग्रामाच्या) ६.७ या आवृत्तीतून त्याचा आधारही काढून टाकण्यात आला आहे.

विंडोजविषयी: प्रणाली ३२ बिटची आहे म्हणून प्रोसेसरही तसाच आहे, असे धरू नये. ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटची विंडोज विनातक्रार चालते आणि मेमरी कमी असलेल्या संगणकांवर ती मुद्दाम बसवलेलीही आढळते. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज उघडून सिस्टीम व त्याखाली अबाउट या पानावर जावे. तिथे 'सिस्टीम टाइप' या ओळीत दोन गोष्टी एकापुढे एक लिहिलेल्या असतात. पहिली प्रणालीबद्दल आणि स्वल्पविरामानंतरची प्रोसेसरबद्दल. आपल्याला फक्त दुसरा भाग वाचायचा आहे. तिथे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असे असेल, तर स्वल्पविरामाआधी ३२ बिट लिहिलेले असले तरी एएमडी६४ डिस्क निर्धास्तपणे घ्यावी. 'एक्स८६-बेस्ड' असे असेल तर प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा आहे.

लिनक्समधून तपासायचे असल्यास टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावी. येणाऱ्या माहितीत 'ऑप-मोड' असा उल्लेख असलेली ओळ शोधावी. तिच्यापुढे ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही असतील तर प्रश्नच मिटला. 'यूनेम' या आज्ञेला 'एम' पर्याय जोडून उत्तर मिळते असे अनेक ठिकाणी सुचवले जाते, परंतु ती आज्ञा सध्या चालू असलेल्या कर्नलचे आर्किटेक्चर सांगते, प्रोसेसरची क्षमता सांगत नाही. ६४ बिटच्या संगणकावर ३२ बिटचे लिनक्स चालू असेल तर ती 'आय६८६' असेच दाखवेल आणि आपली दिशाभूल होईल.

संगणक कोणत्या वर्षी घेतला यावरून अंदाज बांधण्याचा मोह टाळावा. २००६ च्या सुरुवातीला आलेला कोअर ड्युओ हा ३२ बिटचा आहे आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेला कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे. नावात एका आकड्याचा फरक, पण डिस्क वेगळी. २००८ चा ॲटम एन२७०, जो त्या काळच्या असंख्य नेटबुकांत होता, तोही ३२ बिटचाच आहे, तर २०१० च्या ॲटम एन४५० ला ६४ बिट चालते. पेंटियम ४ मध्ये तर दोन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे यंत्रालाच विचारावे, हे उत्तम.

उरलेली नावे आपल्या कामाची नाहीत, तरी थोडक्यात: एआरएम६४ ही ६४ बिटच्या आणि एआरएमएचएफ ही ३२ बिटच्या एआरएम प्रोसेसरांसाठी, पीपीसी६४ईएल आयबीएमच्या पॉवर सर्व्हरांसाठी आणि एस३९०एक्स आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी आहे.

उत्तर २ – आयएसओ_संग्राहक

वरील उत्तर पुरेसे सविस्तर आहे, त्यामुळे मी डिस्कांकडे वळतो.

सर्व डीव्हीडी उतरवण्याची गरज नाही. त्या संपूर्ण संचात डेबियनच्या भांडारातील हजारो पॅकेजे (बसवण्यासाठी तयार प्रोग्रामांचे गठ्ठे) भरलेली असतात आणि कोणती पॅकेजे आधी ठेवायची हे ती किती लोक वापरतात यावरून ठरते. साहजिकच सर्वांना लागणारे सारे काही डीव्हीडी-१ मध्येच येते, आणि दुसऱ्या डीव्हीडीपासून पुढे क्वचित लागणाऱ्या गोष्टींचे प्रमाण वाढत जाते. इन्स्टॉलेशन पहिल्या डिस्कवरूनच सुरू होते आणि तिच्यावरच पूर्ण होऊ शकते. पुढच्या डिस्क ज्या ठिकाणी इंटरनेट पोहोचतच नाही तिथल्यासाठी आहेत, आणि त्या ठिकाणी त्यांचे मोल फार मोठे आहे, हेही आवर्जून सांगायला हवे. 'सोर्स' असे लिहिलेल्या डिस्क दिसल्या तर त्यांत प्रोग्रामांचा मूळ कोड असतो. त्यांवरून संगणकावर काहीही बसवता येत नाही.

नेटइन्स्ट ही एका जीबीपेक्षाही लहान फाईल असते. तिच्यात प्रणालीचा गाभा आणि इन्स्टॉलर एवढेच असते व बाकीचे सर्व ती इन्स्टॉलेशन चालू असताना इंटरनेटवरून आणते. जोडणी चांगली असेल तर माझी पसंती हिलाच आहे, कारण हवे तेवढेच उतरते आणि जे उतरते ते त्या दिवसापर्यंत सुधारलेले असते. पूर्वी तिच्यातली मोठी अडचण वायफायची होती. अनेक वायफाय कार्डांना त्यांच्या उत्पादकाचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) लागते आणि ते मुक्त परवान्याखाली नसल्याने अधिकृत डिस्कवर ठेवले जात नसे. त्यामुळे इंटरनेटशी जोडायला फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर आणायला इंटरनेट हवे, अशा पेचात नवा माणूस सापडत असे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत डिस्कवरच मिळते. तरीही इन्स्टॉलेशनपुरती नेटवर्क केबल जोडता आली तर जोडावी.

लाइव्ह डिस्क ही आपल्यासारख्या नव्या वापरकर्त्याने आधी लावून पाहावी असे मला मनापासून वाटते. ती हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली मेमरीत चालवते. आवाज येतो का, वायफाय दिसते का, पडद्याचा उजेड कमी-जास्त करता येते का, टचपॅड नीट चालतो का, हे सारे विंडोज जशीच्या तशी ठेवून तपासता येते, आणि समाधान झाले तर त्याच डिस्कवरून इन्स्टॉलही करता येते. २ जीबी मेमरी असल्याने तिची एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. डीव्हीडीवरून चालणारी लाइव्ह प्रणाली संथ वाटते. तो दोष डीव्हीडीच्या वाचनवेगाचा असतो, त्यावरून बसवल्यानंतरच्या वेगाचा अंदाज बांधू नये.

फाईलचे नाव वाचायला शिकलात तर पुढे कोणत्याही वितरणाच्या पानावर चाचपडावे लागणार नाही. 'डेबियन-१२.५.०-एएमडी६४-नेटइन्स्ट.आयएसओ' या नावात पहिले वितरण, दुसरी आवृत्ती, तिसरे आर्किटेक्चर आणि चौथा डिस्कचा प्रकार, असा सरळ क्रम आहे. वितरणागणिक क्रम थोडा बदलतो, पण हे चार घटक बहुतेक नावांत सापडतातच.

उतरवलेली फाईल अखंड आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फाईलच्या शेजारीच 'एसएचए२५६सम्स' किंवा 'एसएचए५१२सम्स' नावाची छोटी मजकूर-फाईल असते आणि तिच्यात प्रत्येक आयएसओसमोर (म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत असलेल्या फाईलसमोर) अंक व अक्षरांची एक लांब ओळ दिलेली असते. विंडोजमधील 'सर्टयूटिल' या आज्ञेने आपल्या फाईलची तशीच ओळ काढता येते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, एकही अक्षर वेगळे असेल तर फाईल पुन्हा उतरवावी. अर्धवट उतरलेल्या फाईलवरून इन्स्टॉलेशन बरेचदा सुरू होते आणि मध्येच एखाद्या पॅकेजवर थांबते, आणि मग दोष हार्ड डिस्कचा आहे की मेमरीचा, याचा शोध घेण्यात वेळ जातो.

यानंतर डिस्क तयार करणे. आयएसओ फाईल नेहमीच्या फाईलप्रमाणे डीव्हीडीवर नुसती ओढून टाकायची नसते. ती 'इमेज' म्हणून बर्न करावी लागते, म्हणजे तिच्या आतील रचना डिस्कवर जशीच्या तशी उमटते. काम नीट झाले की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: तयार झालेली डीव्हीडी उघडल्यावर 'डिस्ट्स', 'पूल', 'बूट' असे फोल्डर दिसले तर डिस्क बरोबर आहे, आणि एकच मोठी आयएसओ फाईल दिसली तर त्या डिस्कवरून संगणक सुरू होणार नाही. हीच आयएसओ पेनड्राइव्हवरही लिहिता येते, त्यासाठी विंडोजमध्ये रुफस किंवा बलेनाएचर वापरतात. पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही त्यात पुसले जाते, म्हणून तो आधी रिकामा करून घ्यावा.

उत्तर ३ – जुने_नेटबुक

या चर्चेत माझाही एक प्रश्न जोडतो. माझ्याकडे वर उल्लेख झालेल्या ॲटम एन२७० चेच नेटबुक आहे. डेबियन १३ च्या पानावर आय३८६ ची डिस्क सापडत नाही. ती दुसरीकडे कुठे ठेवली आहे का?

उत्तर ४ – कर्नल_वाचक

ती दुसरीकडे कुठेही नाही, तयारच केलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणे बंद झाले आहे. त्याची पॅकेजे अजून मिळतात, पण ती ६४ बिटच्या प्रणालीवर जुने ३२ बिटचे प्रोग्राम चालवता यावेत यासाठी ठेवलेली आहेत. आपल्या नेटबुकसाठी डेबियन १२ ची आय३८६ डिस्क घ्यावी आणि तिथून १३ वर जाण्याचा प्रयत्न करू नये. बाकीच्यांनी हा निर्णय कितीतरी आधी घेतला: आर्च व उबुंटूच्या डेस्कटॉपने २०१७ मध्ये, फेडोराने २०१९ मध्ये. जुनी यंत्रे चालती ठेवणाऱ्यांसाठी डेबियनने एवढी वर्षे ही वाट मोकळी ठेवली, याबद्दल मला त्या प्रकल्पाविषयी फार आदर वाटतो.

मूळ प्रश्नातील एका भागाचे उत्तर राहून गेले होते. चुकीच्या आर्किटेक्चरची डिस्क लावल्याने संगणकाला काहीही अपाय होत नाही. ३२ बिटच्या प्रोसेसरवर एएमडी६४ डिस्क लावली, तर कर्नल सुरू होतानाच काळ्या पडद्यावर इंग्रजीत असा संदेश येतो की, या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा आहे पण आय६८६ आढळला, आपल्या प्रोसेसरला साजेसे कर्नल वापरावे. आणि काम तिथेच थांबते. डिस्क काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज पूर्ववत उघडते. एआरएमची डिस्क लावली तर तेवढा संदेशही येत नाही. अशा संगणकाला त्या डिस्कवर सुरू करण्याजोगे काही सापडतच नाही आणि तो पुढच्या साधनाकडे वळतो.

हाच संदेश व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामात) दिसला तर मात्र प्रोसेसरला ३२ बिटचा ठरवू नये. बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामात) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असेल किंवा आभासी यंत्राचा प्रकार ३२ बिट निवडलेला असेल, तर ६४ बिटच्या संगणकावरही तो येतो.

पहिली_पायरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अबाउटच्या पानावर पाहिले, तिथे '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असेच लिहिलेले आहे. म्हणजे स्वल्पविरामानंतरचा भाग वाचला नसता, तर ३२ बिटचीच डिस्क शोधत बसलो असतो. आता एएमडी६४ ची एक्सएफसीई लाइव्ह आवृत्ती उतरवायला लावली आहे.

आणखी दोन शंका आहेत. २ जीबीच मेमरी असताना ६४ बिट घेतल्याने संगणक मंद होईल का? ४ जीबीपेक्षा कमी मेमरी असेल तर ३२ बिटच घ्यावे, असे काही ठिकाणी वाचले आहे. आणि ३२ बिटचे जुने प्रोग्राम पुढे चालतील का?

उत्तर ५ – आयएसओ_संग्राहक

त्या सल्ल्यात तथ्य होते, पण तो आता कालबाह्य झाला आहे. ३२ बिटच्या पत्त्याने जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी थेट दर्शवता येते, त्यामुळे त्याहून अधिक मेमरी असलेल्यांना ६४ बिट आवश्यक ठरले आणि त्यावरूनच 'कमी असेल तर ३२ बिट' असा उलटा नियम रूढ झाला. ६४ बिटच्या प्रोग्रामात मेमरीतील प्रत्येक पत्ता ४ बाइटऐवजी ८ बाइट जागा घेतो, म्हणून मेमरी काहीशी जास्त लागते, हे खरे आहे. मात्र एएमडी६४ मध्ये प्रोसेसरच्या आतील सर्वसाधारण रजिस्टरांची (हातातले आकडे ठेवण्याच्या छोट्या जागांची) संख्या ८ वरून १६ झाली असल्याने बरीच कामे वेगाने होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा आणि नवे ब्राउझर आता ६४ बिटसाठीच मिळत राहणार आहेत. २ जीबीमध्ये खरी अडचण ब्राउझरची होते, आर्किटेक्चरची नव्हे. एका वेळी मोजकेच टॅब उघडे ठेवावेत आणि इन्स्टॉल करताना स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या हार्ड डिस्कवरील भागासाठी) २ ते ४ जीबी जागा राखावी.

३२ बिटचे प्रोग्राम चालतात. त्यासाठी 'डीपीकेजी' या आज्ञेने आय३८६ हे जादा आर्किटेक्चर नोंदवायचे, पॅकेजांची यादी ताजी करायची आणि मग त्या प्रोग्रामाला लागणारी ३२ बिटची लायब्ररी बसवायची. डेबियनमध्ये ही सोय २०१३ पासून आहे. गरज पडेपर्यंत ती चालू करू नये, कारण त्यामुळे पॅकेजांची यादी विनाकारण वाढते.

आपल्यासारख्या जुन्या लॅपटॉपवर पुढेमागे दुसरे वितरण लावून पाहणार असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी. एएमडी६४ च्या आतही आता पातळ्या पडल्या आहेत. डेबियन २००३ च्या मूळ सूचनासंचावरच समाधानी आहे, पण रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीला दुसरी पातळी लागते आणि १० व्या आवृत्तीला तिसरी. तिसऱ्या पातळीत एव्हीएक्स२ या सूचना येतात आणि इंटेलच्या प्रोसेसरांत त्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आल्या. तेव्हा प्रोसेसर ६४ बिटचा असूनही तिथली डिस्क सुरू झाली नाही, तर 'एलएससीपीयू'च्या उत्तरातील 'फ्लॅग्ज' या लांबलचक यादीत 'एव्हीएक्स२' आहे का ते पाहावे.

इमेज उतरून झाली आणि तिची तपासणीची लांब ओळ जुळली की लॅपटॉप सुरू होताना बूट मेनू उघडून पेनड्राइव्ह निवडावा. बहुतेक लॅपटॉपवर त्यासाठी एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ असते आणि उत्पादकाचे चिन्ह पडद्यावर दिसताच ती दाबावी लागते. पेनड्राइव्ह त्या यादीत न दिसल्यास इथेच लॅपटॉपचे मॉडेल लिहावे. काही जुन्या स्वस्त यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय फर्मवेअर (बायोसच्या जागी आलेला, संगणक सुरू करणारा प्रोग्राम) ३२ बिटचे असते, आणि तसे असेल तर पेनड्राइव्हवर ३२ बिटची बूट-फाईल आहे की नाही हे आधी पाहावे लागेल.